सुटकेची केंदुरी

गुरुवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी मुरवानी वारसिनीच्या खोपटात उभी राहून सुईत औषध भरत होती. वारसिनी तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, करून विकते. उकडलेल्या सोयाबीनचा ढीग सुपात पसरून ठेवला होता आणि त्याची वाफ छपराच्या बांबूंपर्यंत गेली होती. तिने हात पुसले, लुंगीची गाठ बोटभर खाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"या वेळी डावीकडे," मुरवानी म्हणाली.

"मागच्या वेळी डावीकडेच होती."

"मागच्या वेळी उजवीकडे. डावी त्याच्या आधी."

"माझ्या बुडाचा हिशेब माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक, बू मुर." बू म्हणजे बाई; नर्सला इथे सगळे तसंच म्हणतात.

"त्याचाच पगार मिळतो मला."

सुई आत गेली, औषध गेलं, सुई बाहेर आली. वारसिनीचं तोंड या काळात बंद झालं नाही. तेलाचे भाव, सुनेचा मोबाइल, मशिदीच्या नव्या पत्र्यावर पावसाचा आवाज किती होतो, सगळं झालं. मुरवानी ऐकत होती. तिच्या कामातला निम्मा भाग हा ऐकण्याचा आहे, आणि ती शब्दांइतकंच त्यांच्या वेगाकडे लक्ष देते. वारसिनीचं बोलणं भरधाव सुटलं की ती आजारी पडायला लागली असं समजायचं. आज ते नेहमीच्या चालीने चाललं होतं.

"तुकिराकडे जाताय ना केंदुरीला?" वारसिनीने विचारलं. "मी सकाळीच नारळ खवून आले. आताही जायचंय, कोंबड्या उकळायच्यात. चांगलं केलं म्हातारीने. पोरगा मोकळा झाला, चार लोकांना जेवू घातलं पाहिजे." मग ती सुपाकडे वळली आणि वळता वळता म्हणाली, "सकाळी तिकडे मागच्या बाजूला पोराचा काका गिमिन ठोकाठोक करत होता. मी म्हटलं बकऱ्यांचं दार मोडलं असेल."

मुरवानीने सुई डब्यात टाकली. डब्याचं झाकण लावायला तिला जरा वेळ लागला.

"बकऱ्यांचं दार बांबूचं आहे," ती म्हणाली. "ते दोरीने बांधतात."

वारसिनीने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. माणूस अडकवून ठेवण्याचा विषय तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाच वर्षांपूर्वी औषध लागू पडून ती बरी झाली होती, घरात हिंडत फिरत होती, आणि धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. नवऱ्याकडची माणसं यायची, उगाच काही विपरीत नको, म्हणून तिला एका दिवसापुरतं मागच्या खोलीत घातलं. लग्न झालं, मंडप निघाला, पाहुणे गेले. खोलीची कडी निघायला पुढे सव्वा वर्ष लागलं. त्या सव्वा वर्षात कोणीही वाईट वागलं नव्हतं. आज उद्या करता करता राहून गेलं, एवढंच.

"तुम्ही व्हा पुढे," वारसिनी म्हणाली. "मी आलेच मागोमाग."

*

तुकिराची कालिसोगा ही वाडी डोंगराच्या कुशीत आहे आणि वारसिनीच्या घरापासून तिकडे उतारच उतार आहे. मुरवानी तो मोटरसायकलने उतरते, दुसऱ्या गियरमध्ये, पाय किंचित बाहेर काढून. वय शेहेचाळीस. खांद्याला निळी पिशवी, डोक्यावरच्या रुमालावर हेल्मेट. आरोग्य केंद्रात ती लागली ती लसीकरणाची नर्स म्हणून. बाळांना टोचायचं, आयांनी दिलेली केळी घ्यायची, लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करायचे. मग वरून आदेश आला की प्रत्येक केंद्रात मानसिक आजारांचं काम बघणारं एक माणूस हवं. बैठकीत सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. मुरवानी त्या दिवशी आईला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. गैरहजर माणसाच्या नावावर एकमत लवकर होतं.

सुरुवातीला सहकारी तिला वेड्यांची नर्स म्हणत. तिने ते मनाला लावून घेतलं नाही, कारण पुढे कामच इतकं आलं की मनाला लावायला सवड राहिली नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, औषध ते ठरवतात. ते औषध डोंगरावर चढवायचं, माणसाच्या अंगात जाईल असं बघायचं आणि मग त्या माणसाला पुन्हा माणसांत आणायचं, हे नर्सचं काम. औषध ठरवणं अभ्यासाने येतं. ते वर पोचवणं पायांनी. माणसांत आणणं कशाने येतं हे तिला विचारलं तर ती म्हणते, बीपीच्या यंत्राने.

ते खरंच आहे. मानसिक आजारांची नर्स आपल्या फाटकात उभी राहिलेली कोणालाच नको असते. म्हणून मुरवानी कुठल्याही घरी जाते ती बीपी बघायला. आधी म्हातारीचं, मग म्हाताऱ्याचं, मग शेजारीण डोकावते तिचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कोणीतरी हळूच म्हणतं, मागे आमचा एक मुलगा आहे. तिच्या हद्दीत वेडाचे किती रुग्ण आहेत याचे आकडे मागेपुढे होत असतील, पण सगळ्या तालुक्यात बीपी सर्वांत नीट तपासलं जातं ते याच डोंगरावर.

नर्सिंगच्या विद्यार्थिनी शिकायला येतात. मागच्या तुकडीतल्या एकीने विचारलं होतं, "बू, या क्षेत्रात पुढे काय आहे?"

"पुढे चढ आहे," मुरवानी म्हणाली होती. "ब्रेक तपासून घे."

तुकिराच्या घरीही ती बीपीच्या वाटेनेच शिरली होती. तुकिरा विधवा, सत्तरीची, एकच मुलगा सरवोको. तो समुद्रापलीकडे पामच्या मळ्यांत कामाला गेला आणि परत आला तो बंद रेडिओतून आपलं नाव ऐकू येतं म्हणत. एका सुगीत त्याने पारजोनोची पेंढ्याची गंजी पेटवली. पारजोनो म्हणजे वाडीचा मुखिया. थांबवायला गेलेल्या काकाला, गिमिनला, सरवोकोने कुदळीचा दांडा हाणला. गिमिनला तेव्हापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यानंतर सरवोकोचे पाय फणसाच्या ओंडक्याला पाडलेल्या भोकांत गेले, आणि काही वर्षांनी ओंडका काढून त्याला बकऱ्यांच्या गोठ्याशेजारी फळ्यांच्या खोलीत ठेवलं. दाराला आडवी फळी. सगळं मिळून सात वर्षं.

चार महिन्यांपूर्वी ती फळी निघाली. मुरवानीने घाई केली नव्हती. आधी बंद दाराच्या फटीतून सुई दिली, मग दार उघडं ठेवून, मग अंगणात. आता सरवोको बकऱ्यांना चारा कापतो, विहिरीवरून पाणी आणतो, संध्याकाळी ओट्यावर बसतो. एकच गोष्ट व्हायची राहिली होती. वाडीत कोणाकडे केंदुरी असली की घरोघर माणूस जाऊन पुरुषांना बोलावतो. ते जाऊन चटईवर बसतात, प्रार्थना होते, दोन घास खातात आणि उरलेलं जेवण केळीच्या पानात बांधून घरी नेतात. सरवोकोला बोलावणं येत नव्हतं. त्याचं पुडकं तेवढं मागून घरी यायचं, मिठासकट व्यवस्थित बांधलेलं. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. पुडक्याशी कसं भांडणार?

मुरवानीच्या हिशेबात माणूस बरा झाला हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून ठरत नाही. तो चटईवर बसला की बरा झाला. म्हणून तुकिराने जेव्हा सांगितलं, "पोरगा सुटला त्याची केंदुरी घालते, आमच्याच घरी," तेव्हा मुरवानी खूश झाली होती. इतकी की सरवोको कुठे बसणार हे विचारायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

*

अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. बायका भाताचा सुळका रचत होत्या, कोणी मिरच्या वाटत होतं. तुकिरा नव्या ब्लाउजमध्ये होती आणि तिचा चेहरा लग्नघरच्या आईसारखा झाला होता.

"या, या बू. बसा. चहा घ्या. आधी खाऊन घ्या."

"सरवोको कुठेय, म्बाह?" मुरवानीने विचारलं. म्बाह म्हणजे आजी.

"आहे ना. आहे. तुम्ही केळं तरी घ्या."

"झोपलाय का?"

"हो, म्हणजे, पडलाय जरा."

मुरवानीने केळं घेतलं, कारण ते न घेता पुढे बोलताच आलं नसतं. ते खात खात ती बकऱ्या बघायला म्हणून मागे गेली. फळ्यांच्या खोलीचं दार बंद होतं. आडवी फळी परत चढली होती. चार महिन्यांपूर्वी ती नुसती दोन खोबणींत बसायची. आता तिला दोन्ही टोकांना नवे खिळे होते.

"सरवोको."

"हं, बू." आवाज जागा होता, नेहमीसारखा सावकाश.

फटीतून ती आत डोकावली. सरवोको चटईवर बसला होता. केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा बातिकचा शर्ट, डोक्यावर काळी टोपी. केंदुरीला जायच्या पूर्ण तयारीत.

"कोणी घातलं तुला आत?"

"मीच बसलो. आई म्हणाली, लोक येणार, त्यांना घास गोड लागला पाहिजे. मी म्हटलं बरं." तो थांबला. "काका म्हणाले आजचाच दिवस."

"शर्ट कशाला घातलास मग?"

सरवोकोने शर्टाकडे पाहिलं. "केंदुरी माझी आहे ना," तो म्हणाला.

मुरवानी दाराशी तशीच उभी राहिली. या डोंगरावर लोक भिडेपायी काय काय करतात हे तिला माहीत होतं. नको असलेलं जेवण दोनदा वाढून घेतात, न पटलेल्या गोष्टीला मान डोलवतात. पण सुटकेचा आनंद साजरा करताना पाहुण्यांना अवघड वाटू नये म्हणून सुटलेल्यालाच पुन्हा कोंडायचं, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. आणि यात दुष्टपणा औषधालासुद्धा नव्हता. आईला पाहुण्यांची भीड, मुलाला आईची, काकाला दोघांची.

आरडाओरडा करून फळी काढून घेणं तिला सहज जमलं असतं. सरकारी नर्सच्या शब्दाला तेवढं वजन होतं. पण मग बायका घरोघर जाऊन सांगणार की तुकिराकडे तमाशा झाला, पुरुष पोटदुखीची कारणं काढून येणार नाहीत, आणि ठपका पडणार सरवोकोवर. आणि फळी तशीच राहू दिली तर? वारसिनीचं उदाहरण होतंच. आज ही फळी राहिली तर ती उद्या कोणी काढणार नाही.

तिने पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं आणि ती अंगणात परत आली.

*

गिमिन ओट्यावर चटया झटकत होता. लहान चणीचा, पन्नाशी ओलांडलेला, सरवोकोच्या वडिलांचा धाकटा भाऊ. मुरवानी तुकिराला घेऊन त्याच्या जवळच बसली, उजव्या कानाच्या बाजूला.

"हात द्या, म्बाह. सकाळपासून पायावर आहात."

तिने दंडाला पट्टा गुंडाळला. गिमिन चटया झटकतच राहिला, पण पहिल्यापेक्षा हळू.

"लिक, फळीला खिळे तुम्ही मारले?" तिने गिमिनला विचारलं. लिक म्हणजे काका.

"आजच्या दिवसाचा प्रश्न आहे, बू. पाहुणे गेले की मीच काढतो."

"एका दिवसासाठी लोक कडी घालतात. खिळे ठोकत नाहीत."

गिमिनने दुसरी चटई उचलली.

"खिळा माणूस कधी मारतो? सैल झालं तर, असं वाटलं की मारतो. तुम्हाला भीती वाटते का?"

"माझा कान गेलाय," गिमिन म्हणाला. "तुमचा नाही गेला. तुम्ही महिन्यातून एकदा येता, सुई देता, जाता. मी रात्री इथे झोपतो, भिंतीपलीकडे. तो शिंकला तरी मी उठून बसतो."

"बरोबर आहे."

तिने वाद घातला नाही याचं गिमिनला नवल वाटलं असावं. तो चटई खाली ठेवून बसला.

"आणि पेटवलं काही तर?" तो म्हणाला. "पारजोनो येणार आहे. सगळ्यांसमोर?"

"काडेपेटी चुलीपाशी आहे. गेले चार महिने तिथेच आहे. रोज संध्याकाळी चूल कोण पेटवतं, म्बाह?"

"तोच," तुकिरा पुटपुटली.

मुरवानी फुगा दाबू लागली. पट्टा फुगला. "मोदिन किती वाजता येणार?" तिने विचारलं. मोदिन म्हणजे वाडीत प्रार्थना सांगणारे खुसनान.

"असरची नमाज झाली की. चार वाजता."

"केंदुरी कशाची आहे म्हणून सांगितलंय त्यांना?"

"कशाची म्हणजे? सरवोको मोकळा झाला त्याची."

"मग तेच म्हणतील ते."

"तेच म्हणणार ना."

मुरवानीने हवा सोडली आणि यंत्राकडे बघत राहिली.

पुढे काही म्हणायची गरजच नव्हती. केंदुरीत प्रार्थनेआधी मोदिन यजमानाच्या वतीने मोठ्याने सांगतात की हे अन्न कशासाठी शिजलं आहे, आणि प्रत्येक वाक्यावर चटईवरचा प्रत्येक पुरुष 'होय' म्हणतो. ती साक्ष असते. अन्नासमोर खोटी साक्ष दिली तर मागितलेलं कल्याण उलटं फिरतं, असं कालिसोगात कोणी बोलून दाखवत नाही आणि कोणी तपासूनही बघत नाही.

तुकिराने गिमिनकडे पाहिलं. गिमिनने भाताच्या सुळक्याकडे पाहिलं. मागून वारसिनी येऊन उभी राहिली होती, हातात कोंबडीचं पातेलं. तिने सगळं ऐकलं होतं.

"माझ्या वेळी प्रार्थना नव्हती, लग्न होतं," वारसिनी म्हणाली. "त्यामुळे कोणाला खोटं बोलावं लागलं नाही." आणि पातेलं घेऊन ती चुलीकडे गेली.

"एकशे साठ," मुरवानी म्हणाली. "म्बाह, सकाळची गोळी घेतली नाहीत तुम्ही."

"गडबडीत राहिली." तुकिराने पट्टा स्वतःच सोडला. "गिमिन, पक्कड आण."

"वहिनी, लोक काय..."

"पक्कड आण म्हटलं ना. सगळ्या वाडीला खोटं बोलायला लावू? माझ्या भातावर?"

*

खिळे नवे होते आणि लाकूड जुनं, त्यामुळे वेळ लागला. फळी निघाली तेव्हा सरवोको दारात आला, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना.

"मी इथेच बसेन, बू. मला काही नाही त्याचं."

"तुला इथे बसायचंय की तिकडे बसायची भीती वाटते?"

त्याने विचार केला. त्याला विचार करू द्यायचा असतो. औषधाने शब्द उशिरा येतात, आणि मध्ये बोलणारा माणूस ते हिरावून घेतो. गिमिनची चुळबुळ मुरवानीने नजरेने थांबवली.

"हात," सरवोको शेवटी म्हणाला. त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "बघतील सगळे."

मुरवानीने त्याचं कोपर धरून हात वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. हात दातेरी चाकासारखा टप्प्याटप्प्याने अडकत होता. मागच्या महिन्यापेक्षा जास्त.

"ही थरथर माझ्या औषधाची आहे. तुझ्या डोक्याची नाही. आजची सुई मी देत नाही, एक दिवसाने काही बिघडत नाही. आज डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारते." मग ती म्हणाली, "नुसतं बसलास तर तुझ्या हातांकडे बघतील. काहीतरी देत असलास तर देतोयस त्याकडे बघतील. चहा देशील?"

"सांडेल."

"अर्धा ग्लास भर."

सरवोकोने पुन्हा विचार केला. "चहा देतो," तो म्हणाला. "पण बोलणार नाही."

"केंदुरीत बोलतंय कोण? खायला येतात."

गिमिन अजून फळी हातात धरून उभा होता. मुरवानी त्याच्याकडे वळली. "लिक, त्याला तुमच्या डाव्या हाताला बसवू नका. उजवीकडे बसवा, म्हणजे तो हलला की तुम्हाला ऐकू येईल. आणि तुम्ही दाराजवळ बसा. भीती आहे तर आहे, सोयीने बसायला काय हरकत आहे?"

गिमिनने मान हलवली. या घरात सात वर्षांत त्याच्या कानाचा विचार करून कोणी जागा सांगितली नव्हती. फळी वारसिनीने त्याच्या हातातून घेतली आणि भाताच्या चुलीत सरकवली. ती धड पेटली नाही, धूरच फार झाला, आणि बायका खोकत तिला शिव्या देऊ लागल्या.

*

पुरुष आले ते नेहमीसारखे, लुंग्या आणि काळ्या टोप्या, वेळेच्या थोडे मागे. मुरवानी बायकांबरोबर स्वयंपाकघरात होती. बाई माणसाला चटईवर जागा नसते, सरकारी असली तरी. बांबूच्या तट्ट्याला फट होती आणि तिथे आधीच चार डोकी लागली होती. तुकिराने तिच्यासाठी एक डोकं बाजूला केलं.

दारात गिमिन आणि त्याच्या उजव्या हाताला सरवोको. येणारा प्रत्येक जण आधी गिमिनशी हात मिळवी, मग त्याची नजर सरवोकोवर पडे, आणि क्षणभर कोणाचंच काही चालत नसे. मग सवयीने हात पुढे होत, दोन्ही. यजमानाने हात पुढे केल्यावर तो न घेणं त्यांच्यातल्या एकालाही जमण्यासारखं नव्हतं. भीड सकाळी एका बाजूने लागू झाली होती, आता दुसऱ्या बाजूने झाली.

पारजोनो शेवटी आला. जाडजूड, साठीचा, मिशी रंगवलेली. त्याने सरवोकोचा हात घेतला आणि भिंतीला टेकून बसला. बसल्यावर त्याने एकदा छपराच्या पेंढ्याकडे पाहिलं. तट्ट्यामागे तुकिराने मुरवानीचं मनगट धरलं.

सरवोको चहाचं तबक घेऊन निघाला. ग्लास एकमेकांवर वाजायला लागले. पहिला ग्लास मोदिनांना, दुसरा त्यांच्या शेजाऱ्याला. बारीक किणकिण चालूच. पारजोनोपुढे तो वाकला तेव्हा तबक चांगलंच हललं आणि थोडा चहा पारजोनोच्या लुंगीवर सांडला.

पारजोनोने लुंगीकडे पाहिलं. मग ग्लासाकडे.

"अर्धाच?" तो म्हणाला. "बापावर गेलास. त्याच्याकडेही कधी भरलेला ग्लास मिळाला नाही."

आधी मोदिन हसले, कारण त्यांना हसायचा अधिकार होता, मग बाकीचे. सरवोको हसला नाही. त्याने नीट विचार केला, किटली उचलली आणि पारजोनोचा ग्लास काठोकाठ भरला. आणखी थोडा सांडला.

"पुरे, पुरे," पारजोनो म्हणाला. "उरलेली लुंगी कोरडी राहू दे."

मग सरवोको गिमिनच्या उजवीकडे चटईवर बसला. मोदिन खुसनानांनी घसा खाकरला. या घरच्या तुकिराची इच्छा अशी की तिचा मुलगा सरवोको अडकलेला होता तो मोकळा झाला. होय, चटई म्हणाली. त्याबद्दल हे अन्न सर्वांसमोर ठेवलं आहे. होय. तो मोकळाच राहावा आणि या घराला व शेजाऱ्यांना इजा होऊ नये. होय. शेवटच्या 'होय'ला गिमिनचा आवाज सगळ्यांत वरचा होता, पण त्याला आपला आवाज केवढा येतो हे नीट कळत नाही, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येणार नाही.

मुरवानीने मनगट सोडवून घेतलं. तुकिराच्या बोटांचे वळ उठले होते.

"आता गोळी घ्या," ती म्हणाली.

जेवण झालं, पुडकी बांधली गेली. लोक उठायला लागले तेव्हा पारजोनो चटईवरच बसून होता. त्याने दात कोरत गिमिनला हाक मारली आणि बाहेर जाणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उद्या शुक्रवार. पाटाची सफाई. दर घरटी एक माणूस. इतकी वर्षं तू दोन घरांचा म्हणून येतोस आणि काम एकाचंच करतोस."

"माझं वय बघा," गिमिन म्हणाला.

"तुझं बघितलं. त्याचं बघतोय." तो सरवोकोकडे वळला. "फावडं आहे?"

तट्ट्यामागे तुकिराने तोंड उघडलं. सकाळी त्याला गोळीची गुंगी असते, पाण्यात उतरायचं, पाय घसरेल, हे सगळं तिच्या जिभेवर होतं. मुरवानीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला विचारलंय, म्बाह. तुम्हाला नाही."

सरवोकोला वेळ लागला. पारजोनो दात कोरत राहिला.

"आहे," सरवोको म्हणाला. "दांडा सैल आहे."

"पाचर मार. सहाला ये."

"सहाला डोळे उघडत नाहीत. गोळी असते."

"मग साडेसहाला ये. सहाला तसंही माझ्याशिवाय कोण येतं?" पारजोनो उठला, पुडकं घेतलं आणि ओली लुंगी झटकत गेला.

मुरवानीने अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि थरथरीची गोळी वाढवली. निघताना तिने सरवोकोला सांगितलं की सुई उद्या, पण ती उद्या इकडे येणार नाही, तिला उद्या केंद्रात बसायचं असतं. त्यानेच यायचं, पाटाचं काम आटपून, काकांच्या मोटरसायकलवर मागे बसून. गिमिन बाजूलाच होता. तो पेट्रोल किती आहे ते बघायला गेला.

शुक्रवारी पाटाची सफाई साडेआठपर्यंत चालते. आरोग्य केंद्र साडेसातला उघडतं आणि जुम्म्याच्या नमाजेमुळे अकराला बंद होतं. मधले अडीच तास सरवोकोला सावकाश यायलाही पुरतात.